अमेरिकेने १९३३ ला उभं पीक नांगरून टाकायला शेतकऱ्यांना पैसे दिले होते, हे खरंय का?

निफाडचा_लाल_कांदा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण रविवारपासून डोक्यातून जाईना म्हणून इथे टाकतोय. भाची एमपीएससी करते, कॉलेज रोडला रूम घेऊन राहते, ती सुट्टीला घरी आली होती. चहा पिता पिता म्हणाली, मामा तुम्हाला माहितीये का, १९३३ ला अमेरिकेत महामंदी होती तेव्हा रुझवेल्टच्या सरकारने शेतकऱ्यांना शेतात उभा असलेला कापूस नांगरून टाकायला पैसे दिले. मी म्हटलं काहीतरी चुकीचं वाचलं असशील. तर तिने पुस्तकच समोर धरलं, रुझवेल्टने मंदीवर काढलेल्या योजनांना न्यू डील म्हणतात, त्याचं एक अख्खं प्रकरण आहे त्यात.

आता माझी गोष्ट ऐका. २०२३ च्या फेब्रुवारीत दीड एकर लाल कांद्यावर मी स्वतः रोटाव्हेटर फिरवला, कारण काढणीची मजुरी अधिक लासलगावपर्यंतचं ट्रॅक्टरभाडं एवढंसुद्धा लिलावात निघत नव्हतं. त्याचे मला कुणी पैसे दिले नाहीत, उलट रोटाव्हेटरवाल्यालाच मी दिले. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी तिकडे ज्या कामाचे पैसे मिळत होते तेच काम आपण इकडे पदरचे घालून करतोय, असं झालं ना हे?

तर जाणकारांनी सांगा, हे खरंच असं होतं का, पैसे दिले ते कुणाला आणि कुठून, आणि मुख्य म्हणजे त्याने भाव वाढला का. आमचे आण्णा (वडील) म्हणतात की हे सगळं आपल्या रोजगार हमीसारखंच, नाव फक्त इंग्रजी. त्यावरून घरात वाद चालूय आणि भाची परवा परत जाणार आहे, त्याआधी मला जिंकायचंय.

गंगापूररोड_मास्तर

भाचीचं बरोबर आहे, तुम्ही हरलात. 😀 बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे लांबलचक लिहिणार, सांभाळून घ्या.

आधी तेव्हाची हालत बघा. रुझवेल्ट ४ मार्च १९३३ ला अध्यक्ष झाले तेव्हा कामकऱ्यांत चारातला एक बेकार, म्हणजे सव्वा कोटीच्या वर माणसं. शेतकऱ्याचं दुखणं मात्र वेगळं होतं, त्याच्याकडे काम होतं, माल होता, भावच नव्हता. कापूस पौंडाला सहा-साडेसहा सेंटवर आलेला. आणि भाव पडला की शेतकरी काय करतो ते तुम्हाला सांगायला नको, कर्जाचा हप्ता तोच असल्यामुळे तो पुढच्या वर्षी अजून जास्त पेरतो, सगळेच जास्त पेरतात आणि भाव अजून खाली जातो. निफाड काय आणि टेक्सास काय, यात काडीचा फरक नाही.

म्हणून मे १९३३ मध्ये एक कायदा केला, त्यातून जे खातं निघालं त्याला एएए म्हणायचे. कल्पना अशी की पीक कमी करा, कमी केल्याबद्दल सरकार पैसे देईल, माल कमी आला की भाव चढेल. कुठवर चढावा तर १९०९ ते १९१४ या काळात शेतमालाला जी किंमत होती, म्हणजे शेतकरी जे विकतो आणि बाजारातून जे आणतो यांचं तेव्हा जे प्रमाण होतं, तिथवर. आपल्या हमीभावाचा लांबचा चुलता म्हणा. कांद्याला तोही नाही ते सोडा.

पण कायदा आला मे मध्ये आणि कापूस तोवर पेरून उगवून मोकळा झालेला. मग करार करून उभ्या पिकात नांगर घातले, जवळपास १ कोटी एकर. असं सांगतात की खेचरांना आयुष्यभर शिकवलेलं की सरीतून चाला, झाडावर पाय देऊ नका, ती खेचरं कापसावर पाय ठेवायला तयार होईनात! त्याच वर्षी ६० लाखांच्या आसपास डुकरंही मारली, त्यात बरीचशी पिल्लं. शहरात लोक पावासाठी रांगेत उभे आणि इकडे ही तऱ्हा, त्यामुळे भयंकर बोंब झाली. नंतर जादा माल विकत घेऊन गरिबांना वाटणारं महामंडळ त्याच वर्षी काढलं ते या बोंबेमुळेच बरंचसं.

पैसे कुठून, तर माल पहिल्यांदा ज्याच्याकडे प्रक्रियेला जातो त्याच्यावर कर लावला, पिठाच्या गिरण्या, सूतगिरण्या, खाटिकखाने. तो कर जानेवारी १९३६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने उडवला. सरकार पण वस्ताद, दोनच महिन्यांत नवा कायदा आणला, आता पीक कमी करण्याचे नव्हेत तर जमिनीचा कस वाढवणारी पिकं घेण्याचे पैसे. हेतू तोच, टोपी दुसरी.

भाव वाढला का? वाढला. कापूस त्याच वर्षी दहा सेंटच्या आसपास गेला. पण सगळं श्रेय नांगराला देता येणार नाही. डॉलर सोन्याच्या तुलनेत स्वस्त केला होता, १९३४ ला सोनं २०.६७ वरून ३५ डॉलर औंस झालं, शिवाय १९३४ आणि १९३६ ला असा दुष्काळ पडला की जे काम सरकार पैसे देऊन करत होतं ते आभाळाने फुकटात केलं.

तुमचा राहिलेला प्रश्न, पैसे कुणाला दिले. तो सगळ्यात वाईट भाग आहे. जेवण करून येतो आणि लिहितो.

सातपूर_बी_शिफ्ट

मास्तर जेवून येईपर्यंत माझं ऐका. शेतकऱ्याला पिकवायला पैसे, न पिकवायला पैसे, कर्जमाफीला पैसे, आणि आमचं काय? आमच्या कंपनीत मागच्या वर्षी कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांना दोन महिने ब्रेक दिला तेव्हा कुणी योजना काढली नाही. भरायचं मात्र आम्हीच, दर महिन्याच्या पगारातून २०० रुपये प्रोफेशन टॅक्स आणि फेब्रुवारीत ३०० कशासाठी कापतात ते एचआरला पण सांगता येत नाही.

आणि दुसरं, यूट्यूबवर बघितलं की न्यू डीलने मंदी गेलीच नव्हती, दुसऱ्या महायुद्धाने गेली. मग एवढा खटाटोप कशाला केला?

सिन्नरची_माई

मी सांगतेय, नातू टाईप करतोय, चूकभूल त्याची.

७२ च्या दुष्काळात मी चौथीत होते, शाळा सुटली ती सुटलीच. आमच्याकडं विहिरीत बादली टेकायची, पाणी यायचं नाही. मग दुष्काळी काम निघालं, रस्त्याची खडी फोडायची आणि पुढं पाझर तलाव. आई, बाप, चुलती, मोठा भाऊ सगळे जायचे आणि मी धाकट्याला सांभाळत तिथंच बाभळीखाली बसायची. दोन-तीन रुपये रोज पडायचा, तो पण मोजून, ब्रास भरली तर. ऊन असं की टिकावाचा दांडा हाताला भाजायचा. सुकडी मिळायची वाटीभर, ती गोड लागायची म्हणून पोरं दिवसभर तिच्याच वाटंकडं डोळे लावून. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, ती म्हणे अमेरिकेचीच, तिची भाकरी थापताना तुटायची आणि लोक म्हणायचे ही तर तिकडं जनावरं खातात. खात असतील, आम्ही पण खाल्ली आणि जगलो.

एक गोष्ट मात्र सांगते जी या पोरांना खरी वाटत नाही. त्या कामावर पाटलाची सून आणि माझी आई एका रांगेत बसून खडी फोडायच्या. ज्याला पन्नास एकर तो पण आलेला आणि ज्याला गुंठा नाही तो पण. कुणी सातबारा मागितला नाही. मस्टरवर नाव लागलं की तू कामावर. मुकादम लबाड होता, हजेरीत खाडे दाखवून पैसे खायचा, पण बाईला घरी जा म्हणून कुणी सांगितलं नाही. बायाच जास्त होत्या.

तो पाझर तलाव अजून आहे. गाळ भरलाय पण पाऊस बरा झाला की फेब्रुवारीपर्यंत खालच्या विहिरींना पाणी असतं.

गंगापूररोड_मास्तर

माई, तुमचं वाचून माझं पुढचं लिहायला सोपं झालं.

निफाडकर, पीक कमी करण्याचा करार ज्याच्या नावावर जमीन त्याच्याशी झाला. दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस करणारे बरेचसे लोक वाटेकरी, काळे आणि गोरे दोन्ही, स्वतःची इंचभर जमीन नाही. कागदावर असं होतं की मालकाने वाटेकऱ्याचा हिस्सा त्याला द्यायचा. प्रत्यक्षात मालकाने बऱ्याच ठिकाणी तो जुन्या उधारीत वळता करून घेतला, कारण बी-बियाणं, पीठ-मीठ सगळं मालकाच्याच दुकानातून उधार नेलेलं आणि वही पण मालकाचीच. आणि पुढच्या वर्षी पीकच कमी लावायचं म्हटल्यावर वाटेकरी हवेत कशाला, घालवून दिले. म्हणजे सरकारी मदतीनेच कितीतरी कुटुंबं रस्त्यावर आली. १९३४ ला आर्कान्सामध्ये या वाटेकऱ्यांनी काळे-गोरे एकत्र येऊन युनियन काढली, त्या भागात त्या काळी हे किती धाडसाचं होतं याची कल्पना करा. खात्यातल्या काही वकिलांनी वाटेकऱ्यांची बाजू घेऊन बघितली, फेब्रुवारी १९३५ ला त्यांनाच काढून टाकलं. शेतीचं ज्यांना कळतं त्या बड्या मालकांना दुखवून तिकडचा कुठला पक्ष निवडून येणार?

आता आण्णांचा मुद्दा. न्यू डील ही एक योजना नव्हतीच, ती एक मोठी गोणी होती आणि त्यात चांगलं, गोल्टी, सडकं सगळं. त्यातला एक भाग मात्र खरंच रोजगार हमीसारखा. हॅरी हॉपकिन्स नावाचा गडी होता, त्याने नोव्हेंबर १९३३ पासून दोन-अडीच महिन्यांत ४० लाखांवर माणसं कामाला लावली, थंडी सरली की ते काम बंदही झालं. मग १९३५ ला डब्ल्यूपीए हे सरकारी कामं काढणारं खातं आलं, आठ वर्षांत ८५ लाख लोकांना त्याने काम दिलं, रस्ते, शाळा, पूल, विमानतळ. पोरांसाठी सीसीसी होती, जंगलात छावणी, झाडं लावा, महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी आईबापाकडे जायचे. हे मला फार आवडतं, आपल्या पोरांनाही चालेल.

फरक काय, तर डब्ल्यूपीएत घरटी एकालाच काम, आणि तो एक म्हणजे बहुतेक वेळा बाप्या. माईंच्या घरातले सगळे गेले असते तर तिकडे एकालाच घेतलं असतं. आणि ती सरकारची मर्जी होती, आज आहे उद्या नाही. आपल्याकडे मे १९७३ ला दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसं होती आणि त्यातून पुढे जे आलं ते हक्क म्हणून आलं. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, त्यांनी हा विषय लावून धरला, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागितल्यावर १५ दिवसांत काम द्या नाहीतर बेकारी भत्ता द्या. असा कायदा रुझवेल्टनेही केला नव्हता. त्यामुळे आण्णांना सांगा, नाव इंग्रजी आहे म्हणून ते मोठं नाही.

सातपूरवाले, तुमचे २०० रुपये कशाचे ते तुमच्या एचआरला हे दाखवा. व्यवसाय कर १९७५ ला आला तो या रोजगार हमीला पैसा उभा करायलाच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या खडी फोडणाऱ्याला दिलेले पैसे आहेत ते. आज ते कुठे जातात यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.

आणि युद्धाने मंदी गेली हे अर्धं बरोबर. १९३३ ला २५ टक्के असलेली बेकारी १९३७ पर्यंत १४ च्या आसपास उतरली होती. मग रुझवेल्टना वाटलं झालं आता, खर्च कापा, बजेट जुळवा. कापलं, आणि वर्षभरात बेकारी पुन्हा १९ वर. १९३८ ला परत खर्च सुरू करावा लागला. औषध लागू पडत होतं, डोस अर्धवट सोडला, आणि पूर्ण डोस शेवटी युद्धाच्या नावाने मिळाला, असं माझं मत. तुमच्या यूट्यूबवाल्याचं वेगळं असू शकतं.

सातपूर_बी_शिफ्ट

ओके सर. प्रोफेशन टॅक्सचं खरंच माहीत नव्हतं. पण कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांचं उत्तर नाही मिळालं.

पंचवटी_लेजर

मी बँकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. इथे सगळे शेतीत आणि खडीत अडकलेत, पण त्या न्यू डीलमधून आज आपल्यापर्यंत आलेली गोष्ट दुसरीच आहे. खडी फोडायची कामं बंद पडली, सीसीसी १९४२ ला आणि डब्ल्यूपीए १९४३ ला गेली. राहिलं काय, तर ठेवींचा विमा.

तिकडे १९३० ते ३३ मध्ये ९००० च्या आसपास बँका बुडाल्या. रुझवेल्टने आल्या आल्या ६ मार्चला देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या, १२ तारखेला रविवारी रात्री रेडिओवर साध्या भाषेत समजावलं की बँक म्हणजे काय, तुमचे पैसे जातात कुठे, कुठल्या बँका उद्यापासून उघडणार, आणि सोमवारी लोक रांगा लावून पैसे परत भरायला आले. काउंटरला बसणाऱ्या माणसाला विचारा ही किती मोठी गोष्ट आहे, आमच्याकडे एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आला तरी दुपारपर्यंत निम्मं गाव एफडी मोडायला उभं असतं. पुढे त्याच वर्षी विम्याचा कायदा झाला, गंमत म्हणजे रुझवेल्ट स्वतः त्याच्या बाजूने नव्हते, काँग्रेसमधल्या, म्हणजे तिकडच्या संसदेतल्या लोकांनी रेटला. १९३४ ला विमा सुरू झाला, सुरुवातीला २५०० डॉलरपर्यंत, आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या.

आपल्याकडे हे यायला १९६० ला केरळात पलई सेंट्रल बँक बुडावी लागली, मग १९६२ पासून विमा. आज ५ लाखांपर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून, आधी कितीतरी वर्षं १ लाखच होता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत.

पण हे नीट वाचा, हे बँकेला आहे. सहकारी बँक असली तरी आहे. पतसंस्थेला नाही! माझ्या सासूबाईंनी भिशी मोडून, पाटल्या विकून आलेले पैसे गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवले होते, एक टक्का व्याज जास्त म्हणून आणि मॅनेजर ओळखीचा म्हणून. ती पतसंस्था बसली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, तू बँकेत आहेस ना, मग विमा मिळेल ना मला. काय सांगू. पासबुक बँकेसारखंच, काउंटर बँकेसारखा, बाहेर बोर्ड त्याहून मोठा. त्यांच्या नावाचा विमा कुठेच नव्हता.

सातपूर दादा, तुमच्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं उत्तर पण थोडंफार हेच आहे. तिकडे १९३५ ला सोशल सिक्युरिटीचा कायदा आला, म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. कामगार खातं तेव्हा फ्रान्सिस पर्किन्स या बाईंकडे होतं, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्याच बाई, त्यांनी तो तडीस नेला. पण शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाया त्यातून वगळल्या. सगळ्यात जास्त गरज ज्यांना तेच बाहेर. तुमच्या पोरांचं पीएफ, ईएसआय नीट भरतात का ते आधी बघा, ब्रेकचं नंतर.

निफाडचा_लाल_कांदा

सगळ्यांना धन्यवाद. भाचीला मास्तरांचं पहिलं उत्तर वाचून दाखवलं, ती जिंकली. आण्णांना दुसरं दाखवलं, तेही जिंकले. हरलो तो मीच एकटा.

मास्तर, तुमच्या त्या वाटेकऱ्यांच्या पॅराग्राफवर मी अडकलोय. २०२३ ला राज्य सरकारने कांद्याला अनुदान दिलं होतं, क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, आणि ते विकलेल्या कांद्याला होतं, रोटाव्हेटर फिरवलेल्याला काही नाही. माझा दीड एकर मोडला तरी बाकीचा दोन एकर मी कसाबसा विकला होता. त्या दोन एकरात माझ्याबरोबर एक जण निम्म्या वाट्याने होता, चांदवडकडचा, नवरा-बायको दोघं मळ्यातच राहायचे. विक्रीच्या पट्टीवर नाव माझं, सातबारा माझा. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून मला स्वतःला चार चकरा माराव्या लागल्या, त्याचा राग मी अजून सगळ्यांना सांगत फिरतो. पैसे आले ते माझ्या खात्यावर. खत, औषध निम्मं निम्मं होतं, मजुरी सगळी त्यांची.

त्याला दिले का? नाही. लागवडीच्या वेळी त्याने वीस हजार उचल घेतली होती, त्यात वळते केले. त्याला सांगितलं पण नाही की अनुदान आलंय म्हणून, नुसतं म्हटलं जाऊ दे तुझी उचल, सोडली. तो तर उलट माझ्या पाया पडून गेला.

दुसऱ्या वर्षी कांदा कमीच लावायचा ठरवलं, म्हणून त्यांना ठेवलं पण नाही.

आण्णांना हे सगळं माहितीये, त्यांनी आत्ता हे टाईप करताना वाचलं आणि काही न बोलता उठून कांदाचाळीत गेले. वही काढलीय. पट्टीवर त्या दोन एकराचे ११८ क्विंटल दिसतायत. ३५० ने ४१,३०० होतात, निम्मे २०,६५०, म्हणजे उचल वजा करून साडेसहाशे रुपये त्याचेच निघतात.

सिन्नरची_माई

साडेसहाशे नाही बाबा. उचल तू सोडली असं त्याला सांगितलंस ना, मग ती सुटली. वीस हजार साडेसहाशे निघतात.